कोणत्या दिवशी कोणते पुस्तक: नव्याने वाचू लागणाऱ्या स्त्रीसाठी

नागपूरच्या प्रतापनगरातील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकांची तीन कपाटे आहेत आणि गेली बारा वर्षे आसपासच्या बायका त्यांतील पुस्तके वाचायला नेत आहेत. नव्याने येणारी जवळजवळ प्रत्येक जण उंबरठ्यावरूनच म्हणते, "काकू, एखादं चांगलंसं पुस्तक द्या ना." चांगली पुस्तके तिन्ही कपाटांत भरपूर आहेत; त्यांतले कोणते तिच्याकडून आज रात्री दहा पानांच्या पुढे वाचले जाईल, हा खरा प्रश्न असतो. तो सोडवण्याची जी रीत मला अनुभवातून, आणि बरेचदा चुकत चुकत, सापडली ती येथे क्रमाने मांडते आहे. ज्यांचे वाचन शाळा-कॉलेजानंतर सुटले अशा स्त्रियांना, तसेच आई, बहीण, सून किंवा मैत्रीण यांच्यासाठी पुस्तक निवडू पाहणाऱ्यांनाही ती उपयोगी पडावी.

चुकीपासूनच आरंभ करते. आमच्या गल्लीतील एका वहिनींचे यजमान अचानक गेले. दीड महिन्याने त्या प्रथमच बाहेर पडल्या आणि वाचायला काही मागू लागल्या, तेव्हा मी पुष्कळ विचार करून एका विधवा स्त्रीचे आत्मकथन त्यांच्या हाती ठेवले. चौथ्या दिवशी ते परत आले. खूण म्हणून घातलेली किराण्याची पावती नवव्या पानावरच होती. पुस्तक टेबलावर ठेवत त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तर माझ्या घरी चालूच आहे हो. दुसरं काही नाही का?" आणि त्यांनी स्वतःच बोट दाखवून नारायण धारपांची एक भयकथा उचलली. आखाडात सुरू झालेले ते धारप-वाचन पोळ्यापर्यंत टिकले. घरातल्या रिकाम्या खोलीपेक्षा पुस्तकातले भूत त्यांना सोयीचे वाटत होते. दुःखी बाईला दुःखाचे पुस्तक आणि आईला आईपणाचे पुस्तक, हा जो सरळ हिशेब दुकानदारापासून नातेवाइकांपर्यंत सगळे मांडतात, तो त्या दिवसापासून मी सोडला.

पहिली पायरी: हाती असलेला वेळ मोजावा

मनःस्थितीच्याही आधी वेळ पाहावा. दिवसभरात एकूण किती वेळ मिळतो याला फारसे महत्त्व नाही; कुणी हाक न मारता सलग किती मिनिटे मिळतात, हे पाहायचे असते. एक आठवडाभर दिनदर्शिकेच्या चौकोनात रोज तो आकडा लिहून ठेवावा. माझ्याकडे येणाऱ्या एका नोकरदार मुलीला लोकमान्यनगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत वीसेक मिनिटे बसायला मिळते आणि परतताना बहुधा उभे राहावे लागते. म्हणजे तिचा हिशेब सकाळची वीस मिनिटे एवढाच. तान्हे मूल असलेल्या आईचा आकडा सात-आठच्या वर जात नाही. याउलट मे महिन्यात, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागलेला असताना, दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. वाळवणे गच्चीवर तापत असतात, कूलरची घरघर चालू असते आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या मावशींना त्या पाच तासांत जाडजूड कादंबरीही पुरत नाही.

आकडा दहाच्या आत असेल तर कविता किंवा दोन-तीन पानांचे ललित लेख घ्यावेत. तो पंधरा ते तीस असेल तर कथासंग्रह किंवा प्रसंगाप्रसंगाने पुढे जाणाऱ्या आठवणी घ्याव्यात, आणि सलग तासभर मिळत असेल तरच कादंबरीला हात घालावा. दहा मिनिटेवाल्या बाईने कादंबरी नेली की ती दर वेळी मागची दोन पाने पुन्हा वाचते, आठवड्याभरात पात्रांची नावे विसरते आणि "माझं वाचनात लक्षच लागत नाही" असा दोष स्वतःवर घेऊन पुस्तक परत करते. दोष निवडीचा असतो. लक्षाबद्दल शंका असलेल्यांना मी दिवाळी अंक देते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा नवशिक्या वाचकाच्या फार सोयीची आहे, कारण एकाच अंकात कथा, कविता, लेख आणि व्यंगचित्रे असतात. नावडले तर पान उलटावे, पुस्तक सोडल्याची टोचणी लागत नाही.

चोरट्या वेळेबद्दल ज्यांना ओशाळे वाटते त्यांना मी बेबी कांबळे यांच्याविषयी सांगते. फलटणला छोटेसे दुकान चालवताना सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत असत, आणि स्वतःचे लेखन त्यांनी घरच्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवले होते. त्या लेखनाचे 'जिणं आमचं' हे पुस्तक १९८६ मध्ये आले.

दुसरी पायरी: सोबत हवी की सुटका, हे ठरवावे

"आज मन कसं आहे?" असा प्रश्न विचारला तर उत्तर येते, "ठीकच आहे." म्हणून मी वेगळे विचारते: "जे घरात चाललंय तेच दुसऱ्या कुणाला कसं झेपलं ते वाचायचंय, की तासभर ते सगळं दिसूच नये असं वाटतंय?" याचे उत्तर मात्र लगेच मिळते. पहिल्या मागणीला मी सोबत म्हणते आणि दुसरीला सुटका. एकाच बाईला सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरी हवी असू शकते, त्यामुळे शक्य असेल तेव्हा दोन्ही प्रकारांचे एकेक पुस्तक घरी असू द्यावे.

सुटकेसाठी रहस्यकथा, भयकथा, विनोद, प्रवास आणि बालपणीच्या आठवणी उपयोगी पडतात. यांना हलके समजून नाक मुरडणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपन हा शाळकरी मुलगा आमच्याकडे सर्वांत जास्त घरी जाऊन आला आहे, आणि त्याला नेणाऱ्यांत साठीच्या पुढच्या स्त्रियाच जास्त आहेत.

सोबतीसाठी आत्मकथने सर्वांत बरी, पण त्यातही निवड करावी लागते. नवख्या वाचकाला मी डोळे मिटून देते ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आठवणी बोलल्यासारख्या लिहिलेल्या आहेत, प्रसंग आटोपशीर आहेत, त्यांत नागपूरचा मुक्कामही आहे, आणि सोवळ्याचा अतिरेक करणारे वडील, लहरी कवी नवरा, १८९५ मध्ये त्याने केलेले धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट हे सगळे सांगताना लेखिका स्वतःवर हसायला विसरत नाही. संतापलेल्या बाईची गोष्ट निराळी असते. तिला समजूत घालणारे पुस्तक दिले तर ती अधिकच संतापते. तिला तिच्याहून जास्त संतापलेली बाई भेटवावी. अशा वेळी मी ताराबाई शिंदे यांची 'स्त्री पुरुष तुलना' ही लहानशी पुस्तिका काढते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांनी सरसकट सगळ्या बायकांना दूषणे दिली, आणि आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ मध्ये त्याला असे उत्तर छापले की आजही ते मोठ्याने वाचताना खोलीतल्या पुरुषांची चुळबूळ होते. भाषा जुनी आहे, पण रागाच्या भरात ती अडत नाही, असा माझा अनुभव आहे.

मनःस्थिती आणि आजार यांतला फरक मात्र ओळखावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कशातच रस नसेल, बाळाकडे पाहवत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते काम पुस्तकाचे नाही. डॉक्टरांकडे जावे, टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

तिसरी पायरी: पुस्तक उभ्याउभ्या तपासावे

मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरची स्तुती वाचून पुस्तक घेऊ नये. मधले कोणतेही पान उघडावे आणि अर्धे पान ओठ हलवून वाचावे. जीभ तीनदा अडखळली तर ते पुस्तक सध्या राहू द्यावे. टंक, म्हणजे छापील अक्षर, बारीक आहे का तेही पाहावे. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते आणि अनेक बायका चष्म्याचा नंबर काढायचे टाळून वाचनच सोडून देतात. जुन्या आवृत्तीत 'कांही', 'नाहीं', 'केलें' असे अनुस्वार दिसले तर घाबरून जाऊ नये. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले, त्यापूर्वी बहुतेक सगळे तसेच छापत असत. घरी नेल्यावर तीस पानांची मुदत द्यावी. तिसाव्या पानावरही ओढ लागली नाही तर पुस्तक परत करावे आणि त्याबद्दल कुणाला खुलासा देऊ नये.

बोलीचा मुद्दा थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई एकदा पोळ्या आटोपल्यावर कपाटापाशी रेंगाळल्या. "मले वाचता येते, बाई, पन लय टाईम लागते," असे त्या म्हणाल्या. मी त्यांना बहिणाबाई चौधरींची गाणी दिली. त्या ओट्याला टेकून, कणकेचे बोट पदराला पुसत, एकेक अक्षर जुळवू लागल्या, दुसऱ्या ओळीनंतर त्यांचा वेग वाढला, आवाजही चढला आणि कडवे संपल्यावर त्यांनी मान वर करून विचारले, "हे तं आमच्याच गावचं बोलनं वाटते. कोन व्हय हे?" बहिणाबाई खानदेशातल्या, विदर्भातल्या नव्हेत, परंतु खानदेशी आणि वऱ्हाडी कानाला शेजारीच बसतात. ज्या बाईंचे १९५१ मध्ये निधन होईपर्यंत अक्षराशी नाते नव्हते, ज्यांची गाणी मुलाने आणि नातलगाने टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये छापली गेली, त्यांचे पुस्तक अडखळत वाचणाऱ्या बाईला सर्वांत सोपे जावे, यात मला काही नवल वाटत नाही. त्या प्रतीच्या तेविसाव्या पानावर हळदीचा एक अंगठा अजून आहे. तात्पर्य, प्रमाण मराठीचे पुस्तक जड जात असेल तर आधी बोलीतले पुस्तक शोधावे.

चौथी पायरी: आयुष्याचा टप्पा

हा विचार मी मुद्दाम शेवटी करते, कारण वेळ आणि मन ठरल्यानंतर टप्प्याला फारसे काही ठरवायचे उरत नाही. तरीही काही गोष्टी कामी येतात.

बारा ते सोळा वर्षांच्या मुलीसाठी आईने पुस्तक निवडू नये. तिला कपाटापुढे एकटीला सोडावे. दर वाढदिवसाला 'एक होता कार्व्हर' मिळालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पुस्तक उत्तम आहे, पण तिसरी प्रत कुणाला हवी असते? पाळी, शरीर आणि सुरक्षितता यांविषयीचे साधे माहितीपुस्तक तेवढे घरात हाताशी असावे आणि ते तिने कधी वाचले याची चौकशी करू नये.

शिकणाऱ्या आणि पहिल्या नोकरीतल्या मुलींना मी कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' देते. नागपुरात दलित कुटुंबातून येऊन संस्कृत शिकण्याचा आणि पुढे तेच शिकवण्याचा हट्ट धरलेल्या या बाईंचे लेखन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाखतीच्या खोलीत जात कशी विचारली जाते, कौतुकाच्या शब्दांतही अपमान कसा दडलेला असतो, हे त्यात इतके नेमके आले आहे की आजच्या मुलीही "हे तर परवाच माझ्या बाबतीत झालं" असे म्हणत पुस्तक परत करतात. आणि घटना त्यांच्या ओळखीच्या रस्त्यांवर, याच शहरात घडलेल्या असतात.

लग्न ठरलेल्या किंवा नुकते झालेल्या मुलीला संसारोपयोगी उपदेशाची पुस्तके भेट देण्याची प्रथा बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी 'कुसुमानिल' वाचावे. नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या आणि १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झालेल्या कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल यांचा हा लग्नापूर्वीचा पत्रव्यवहार आहे. एकेक पत्र एका बैठकीत संपते, आणि दोन माणसे एकमेकांना काय काय विचारू शकतात याचा अंदाज येतो. एकत्र कुटुंबात पडलेल्या, वाटणीच्या वादात सापडलेल्या सुनेला मात्र महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक द्यावे. नाटक वाचायची सवय नसते म्हणून बायका आधी नको म्हणतात. मी चार जणींना बसवून पात्रे वाटून देते. गेल्या हिवाळ्यात असेच वाचताना, तात्याजींच्या मृत्यूनंतर देशपांड्यांच्या त्या वाड्यात खर्चाचा आणि दागिन्यांचा विषय निघाला आणि वहिनीचे संवाद वाचणारी आमची शेजारीण मध्येच थांबली, तिने चष्मा काढला, पुस्तक उलटे ठेवले आणि "पाच मिनिटं चहा करू का?" असे विचारून आत गेली. तिच्या सासरी त्याच महिन्यात वाटणी चालली होती, हे आम्हांला नंतर कळले. चहानंतर तिनेच पुढचा प्रवेश वाचायला घेतला.

नव्या आईबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण तिच्यावर पुस्तकांचा मारा सर्वांत जास्त होतो. बाळसंगोपनाचे एक चांगले, बालरोगतज्ज्ञाने लिहिलेले, अलीकडच्या आवृत्तीचे पुस्तक पुरे. तीन पुस्तके ठेवली की तीन मते होतात आणि रात्री दोन वाजता त्यांचा ताळमेळ बसत नाही. बाकी वाचन तिचे स्वतःचे असावे. एका हाताने धरता येईल असे हलके, पातळ, मागे दुमडले तरी न फाटणारे पुस्तक तिला लागते. दुसरा हात बाळाखाली असतो. जाड बांधणीचा ग्रंथ बाळाच्या डोक्यावर पडायची भीती असते, ही गोष्ट पुस्तके भेट देणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. इंदिरा संतांच्या कविता मी अशा आयांना दिल्या आहेत, कारण चार ओळी वाचून मध्येच उठावे लागले तरी त्या मनात चालू राहतात. कानाने ऐकायची पुस्तकेही या काळात फार सोयीची. स्टोरीटेलसारख्या सेवांवर मराठी पुस्तके पुष्कळ आहेत. मूल दीड-दोन वर्षांचे झाले की माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके आणावीत. ती मुलांसाठी असली तरी त्यांतली घरे, स्वयंपाकघरे आणि दमलेली मोठी माणसे आयांना ओळखीची वाटतात, आणि एकच पुस्तक सलग चाळीस वेळा वाचावे लागणार असेल तर ते आईलाही आवडणारे असावे.

चाळिशी-पन्नाशीच्या बायका हे माझे सर्वांत चोखंदळ गिऱ्हाईक आहे. मुले शिकायला पुण्याला गेलेली असतात, सासू-सासरे थकलेले असतात, पाळी अनियमित झालेली असते, रात्री तीनला जाग येते. या वयात अनेक जणी प्रथमच म्हणतात, "मला माझ्यासाठी काहीतरी द्या." त्यांना मी गौरी देशपांडे यांचे 'एकेक पान गळावया' देते, त्यात तीन दीर्घकथा आहेत आणि तिन्हींतल्या बायका वेगवेगळ्या वयाच्या आहेत, त्यामुळे एकाच पुस्तकात मागचे आणि पुढचे दोन्ही टप्पे दिसतात. काही जणींना ते उद्धट वाटते, वाटू द्यावे. आमच्याच शहरातल्या आशा बगे यांच्या कथा त्यांना अधिक जवळच्या वाटतात, कारण त्यांत घराची जुनी चौकट, गाणे आणि नाती यांचा गुंता ओळखीच्या लयीत येतो. त्यांच्या 'भूमी' या कादंबरीला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण सुरुवात कथांपासून करावी. रात्री तीनला जाग आली तर मात्र कथा नको, कारण पुढे काय झाले या ओढीने झोप आणखी उडते. तेथे दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' ठेवावे. बारा महिन्यांवरचे ते लेख आहेत. चैत्राचा चैत्रात आणि श्रावणाचा श्रावणात वाचावा, घाई करू नये.

याच वयात शरीराविषयी वाचायची गरज असते आणि मागायचा संकोचही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आढळला. तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ मध्ये आला. आजार इतका सर्रास असूनही त्याविषयी बोलले जात नाही, ही परिस्थिती शहरातही फार वेगळी नाही. म्हणून रजोनिवृत्तीवरचे पुस्तक मी कपाटात डोळ्यांच्या उंचीवर, सहज हाती येईल असे ठेवते. ते निवडताना लेखक किंवा लेखिका डॉक्टर आहे का, आवृत्ती गेल्या काही वर्षांतली आहे का, आणि एखाद्या औषधाची किंवा चूर्णाची जाहिरात तर चाललेली नाही ना, एवढे तीन मुद्दे पाहावेत.

निवृत्तीनंतर वेळ भरपूर मिळतो आणि डोळे साथ सोडतात. मोठ्या टंकाची आवृत्ती, डाव्या खांद्यामागून येणारा उजेड आणि मोतीबिंदूची तपासणी यांची सोय आधी करावी. घरचे लोक या बायकांना पोथ्याच देतात. ज्यांना त्या हव्या आहेत त्यांनी जरूर वाचाव्यात. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' कित्येक घरांत रोज वाचली जाते आणि ती नुसते पुण्य सांगत नाही, गावाची सफाईही सांगते. पण सत्तरीच्या बाईला प्रेम, भांडण आणि राजकारण वाचावेसे वाटत नाही, हे कोणी ठरवले? दीर्घ संसाराचा ताळेबंद मांडावासा वाटणाऱ्यांना सुनीता देशपांडे यांचे १९९० चे 'आहे मनोहर तरी' पटते किंवा चीड आणते, मधले काही होत नाही. त्याच्या जोडीने मी साधना आमटे यांचे 'समिधा' देते. नागपूरच्या घुल्यांच्या घरातली ही मुलगी वरोऱ्याच्या माळावर संसार मांडायला गेली, आणि प्रसिद्ध नवऱ्याच्या बायकोने आयुष्याकडे पाहण्याची ही अगदी निराळी तऱ्हा आहे. दोन्ही वाचलेल्या दोन मावशींचा वाद आमच्या पुढच्या खोलीत दोन पावसाळे चालला.

पुस्तके आणावीत कोठून

विकत घेण्यापूर्वी वाचनालय गाठावे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. वस्तीतले वाचनालय ड वर्गाचे असले तरी नवशिक्याला ते दोन वर्षे सहज पुरते. वर्गणी आणि अनामत भरण्यापूर्वी, बायकांना सोयीची अशी दुपारची वेळ आहे का आणि पुस्तक स्वतः कपाटातून काढून पाहता येते का, हे विचारून घ्यावे. खिडकीतून यादी पुढे करणाऱ्या वाचनालयात तिसरी पायरी पारच पाडता येत नाही. सीताबर्डीला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे; १९२३ मध्ये अमरावतीला स्थापन झालेल्या या संस्थेत वैदर्भीय लेखिकांची पुस्तके शोधणे सोपे जाते, आणि मेट्रोचे स्थानक जवळच आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या परिसरात लागणारी पुस्तकांची दुकाने तर कुणीही चुकवू नयेत. गर्दीला घाबरून मी पुष्कळ वर्षे गेले नव्हते. गेले तेव्हा पाहिले की डोक्यावर गाठोडे घेतलेल्या बायका उभ्याउभ्या पाने चाळून, किंमत विचारून, दोन-दोन पुस्तके पिशवीत टाकत होत्या. दलित स्त्रियांची आत्मकथने तेथे जितकी एकत्र मिळतात तितकी मला शहरात दुसरीकडे मिळालेली नाहीत. बर्डीच्या पदपथावरची जुनी पुस्तके घेताना मात्र शेवटची पाने जागेवर आहेत ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. एका रहस्यकथेचा खुनी कोण हे मला आजतागायत कळलेले नाही.

पाचवी पायरी: वही

शेवटचे काम पाच मिनिटांचे आहे. एक दोनशे पानी वही करावी आणि पुस्तक संपले किंवा सोडले की तारीख, पुस्तकाचे नाव, कितव्या पानावर सोडले आणि त्या वेळी घरात काय चालले होते, एवढेच लिहावे. परीक्षण लिहू नये. सोडलेल्या पुस्तकांच्या नोंदी खाडाखोड न करता ठेवाव्यात, कारण पुढची निवड त्यांवरूनच होते. आमच्या त्या वहिनींच्या वहीत पहिली नोंद आहे, "पान ९, सोडले, हे गेल्यानंतर." त्याच आत्मकथनाची दुसरी नोंद पावणेचार वर्षांनंतरची आहे. ती अशी: "पूर्ण. धाकटीच्या लग्नाची खरेदी चालू. पान ११२ वर लेखिकेचे चुकले आहे असे वाटते, काकूंना विचारणे."